गाठीतलं सगळंच कॅन्सर नसतं म्हणे, मग बाकीचं काय असतं?

आडवाट
मंडळी, नमस्कार. आमच्या थोरल्या काकूला स्वादुपिंडात गाठ निघाली आहे. बायॉप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा घरात इंग्रजी वाचणारा मीच, त्यामुळे तो माझ्या गळ्यात पडला. कॅन्सर आहे हे एका शब्दात कळलं, पण त्याच्या आधी एक लांबलचक वाक्य होतं. भरपूर डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा आणि त्यात मधूनमधून विखुरलेल्या कॅन्सरच्या ग्रंथी, असं काहीसं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "या गाठीतला बराच भाग कॅन्सर पेशींचा नाहीच. शरीराच्या आधार देणाऱ्या पेशी असतात, त्यांनी केलेलं जाळं आहे ते. त्याच पेशी पुढे कॅन्सरला मदत करतात." बाहेर ही रांग, पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. ज्यांचं कामच आधार द्यायचं, त्या आपल्याच पेशी कॅन्सरला का मदत करतील? आणि करत असतील तर आधी त्यांनाच का मारत नाहीत?

उपचार ठरलेत, किमो सुरू होतेय. सल्ला नको, समजून घ्यायचंय. काढे, गोमूत्र आणि "माझ्या मेव्हण्याच्या मित्राला गुण आला" हे कृपया दुसऱ्या धाग्यावर.

कातळफूल
वाचतेय. काकूंना बळ मिळो.

स्लाइडवाली
मी रत्नागिरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. निदान करतात डॉक्टर, मी ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) कापते आणि रंग देते. पण रोज बघून बघून नजर बसते.

स्वादुपिंडाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आधी डोळ्यांत भरतो तो गुलाबी रंग. एकमेकांत गुंतलेले गुलाबी पट्टे आणि त्यांच्या अंगाने पडलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या लांबट पेशी. गुलाबी ते कोलॅजन, म्हणजे आधाराचं तंतुमय प्रथिन. लांबट त्या फायब्रोब्लास्ट, ते बनवणाऱ्या, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आधार देणाऱ्या पेशी. कॅन्सर अक्षरशः शोधावा लागतो! दोन-चार वाकड्यातिकड्या ग्रंथी कुठेतरी कोपऱ्यात, मग बराच वेळ नुसतं गुलाबी, मग परत एखादी. स्वादुपिंडाच्या काही गाठींत ऐंशी-नव्वद टक्के भाग असा स्ट्रोमाचा, म्हणजे या आधाराच्या जाळ्याचा असतो. म्हणूनच सुईने तुकडा घेतला तरी कधीकधी "पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत" असा रिपोर्ट जातो आणि नातेवाईक आमच्यावर डाफरतात.

स्तनाची गाठ ऑपरेशननंतर आख्खी आमच्या टेबलावर येते. काही गाठी कापताना सुरी अशी करकरते की हातालाच कळतं. लोकांना वाटतं कॅन्सरच्या पेशी कडक असतात. त्या एकेकट्या तशा मऊच. कडकपणा सगळा या फायब्रोब्लास्टनी घातलेल्या कोलॅजनचा.

गजालवाला
ह्यां वाचून माका एकच कळलां. घरभेदी खंयच्याय गावात असतत, तसे स्वादुपिंडात पण.

ओहोटी
@गजालवाला, घरभेदी म्हणू नका हो, अन्याय होतोय त्यांच्यावर. आयुष्यभर चिपळूण भागात शस्त्रक्रिया केल्या, याच पेशींच्या जिवावर माझे टाके जुळले.

जखम झाली की रक्त साकळतं आणि प्लेटलेटमधून पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा अशी रसायनं सुटतात. आजूबाजूला स्वस्थ पडलेले फायब्रोब्लास्ट त्यावर जागे होतात, जखमेत सरकतात, कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन टाकायला लागतात. त्यातल्या काहींत स्नायूंसारखे आकसणारे तंतू तयार होतात. हे मायोफायब्रोब्लास्ट. १९७१ मध्ये गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी ते भरत्या जखमेच्या कोवळ्या मांसात दाखवले. कडा जवळ ओढायचं काम यांचं. जखम मिटली की बहुतेक आपण होऊन मरतात, मागे वण राहतो.

कॅन्सरच्या पेशीही हीच रसायनं सोडतात, फक्त थांबत नाहीत. फायब्रोब्लास्टला कळतं ते एवढंच की इथे जखम आहे आणि ती भरायची आहे. तो भरत बसतो. बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं, की गाठ म्हणजे भरून न येणारी जखम. आडवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर. बहुतेक वेळा या पेशींच्या जनुकांत कॅन्सरसारखे बदल सापडतही नाहीत. त्या नेमून दिलेलं काम करताहेत, चुकीच्या ठिकाणी आणि अखंड.

कोयतावीर
डॉक्टर, झावळ्या तोडताना तळहातावर कोयता बसला होता लहानपणी. आजीने हळद भरली, जखम भरली, पण वण असा आखडला की करंगळी अजून पूर्ण सरळ होत नाही. सुपातले तांदूळ पाखडताना बायको हसते. म्हणजे हे त्याच मायोफायब्रोब्लास्टचं काम?

ओहोटी
त्यांचंच. टाके न घालता उघडी जखम आपोआप भरू दिली की आकसणं जास्त होतं.

बाकी तुम्ही सूप पाखडता हे वाचून आनंद झाला.

खाडीपलीकडे
मग आमच्याकडे म्हणतात ना, "लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो", ते खरंच की! सुई खुपसली म्हणजे जखमच. जखम झाली म्हणजे तुमचे ते फायब्रोब्लास्ट जागे. आमच्या आळीत एकीची गाठ सुई लावल्यावर झपाट्याने वाढली, डोळ्यांनी बघितलंय.

लटकलेला_पीएचडी
खारघरहून लिहितोय, मूळ गाव गुहागर. थिसिस याच पेशींवर लटकलाय, त्यामुळे हा धागा बघून घाम फुटला. :)

@खाडीपलीकडे, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांत गाठ करणारा विषाणू दाखवला, त्यावर त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. पुढे १९८० च्या दशकात मिना बिसेल यांच्या गटाने तोच विषाणू कोंबडीच्या एका पंखात टोचला. तिथे गाठ झाली. मग दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली, तर तिथेही गाठ आली. कारण विषाणू रक्तात फिरत होता आणि जखमेत त्याला हवी ती रसायनं आयती मिळाली. पण यावरून बायॉप्सीला दोष देता येत नाही. ती विषाणू भरलेली कोंबडी होती. माणसात सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण ती क्वचित, आणि जिथे तो धोका असतो तिथे डॉक्टर सुईची वाट विचार करूनच निवडतात.

ओहोटी
आणि दुसरी बाजू मी सांगतो. लोखंडाच्या भीतीने पदराखाली गाठ झाकून वर्ष वर्ष बसलेल्या बायका मी बघितल्यात. सुई लावली तेव्हा गाठ आधीच वाढायला लागलेली असते, म्हणून तर सुईपर्यंत गोष्ट येते. आळीला दिसते फक्त सुई.

खाडीपलीकडे
पटतंय अर्धं. बाकी अर्धं विचार करून सांगतो.

तरवा
शेतकरी माणूस आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. म्हणजे नुसतं बी असून चालत नाही, जमीनही तशी लागते, असंच ना? एकाच तरव्यातली रोपं मळ्यात लावा आणि वरकसात लावा. लोंबी बघून कुणी म्हणणार नाही की एकाच बियाण्याचं भात आहे.

लटकलेला_पीएचडी
तरवा, तुम्ही १८८९ सालात जाऊन पोचलात! स्टीफन पॅजेट या लंडनच्या सर्जनने तेव्हा स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर यकृतात आणि हाडांत पुन्हा पुन्हा सापडतो, प्लीहेत क्वचितच, आणि रक्त तर दोन्हीकडे जातं. त्याने हेच बी आणि जमिनीचं सूत्र मांडलं.

जमीन खरंच फरक पाडते का, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. १९९९ मध्ये ओलुमी आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या अशा पेशी घेतल्या ज्या कॅन्सरच्या वाटेला लागल्यात पण अजून गाठ करत नाहीत. निरोगी प्रोस्टेटमधल्या फायब्रोब्लास्टसोबत त्या उंदरात ठेवल्या, काही विशेष झालं नाही. कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या फायब्रोब्लास्टसोबत ठेवल्या, तर गाठी झाल्या. २००५ मध्ये ओरिमो आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठीतले फायब्रोब्लास्ट तपासले. ते सीएक्ससीएल-१२ नावाचं प्रथिन सोडतात. त्याने कॅन्सरची वाढ तर होतेच, शिवाय नव्या रक्तवाहिन्या घडवणाऱ्या पेशीही तिकडे ओढल्या जातात. म्हणजे रसदही तेच आणतात.

कातळफूल
एक शंका. या फायब्रोब्लास्टलाच कॅन्सर झाला तर?

ओहोटी
होतो. फायब्रोसार्कोमा. पण ते वेगळं प्रकरण आणि बरंच दुर्मीळ. इथे चाललेली गोष्ट साध्या फायब्रोब्लास्टची आहे.

दिवेलागण
यकृताचंही असंच ना? माझ्या मामांना आधी सिरॉसिस होता, कॅन्सर नंतर निघाला.

लटकलेला_पीएचडी
हो. यकृतात स्टेलेट नावाच्या पेशी असतात, एरवी जीवनसत्त्व 'अ' साठवून बसलेल्या. यकृताला पुन्हा पुन्हा इजा झाली की त्या मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि कोलॅजनचे पट्टे टाकतात. यकृताचा मुख्य कॅन्सर बहुतांशी अशा आधीच वणांनी भरलेल्या यकृतातच होतो. स्वादुपिंडातही तशाच स्टेलेट पेशी आहेत, त्या वेगळ्या काढता आल्या १९९८ मध्ये.

मात्र क्रम लक्षात घ्या. काकूंच्या गाठीत कॅन्सरने फायब्रोब्लास्टला कामाला लावलं. मामांच्या यकृतात कोलॅजन आधी, कॅन्सर नंतर.

स्लाइडवाली
कोलॅजन आधी आणि कॅन्सर नंतर, याचं कोकणातलं उदाहरण राहिलंच की! सुपारी. आमच्याकडे तोंडातले तुकडे येतात, विशी-पंचविशीतल्या पोरांचे. वरच्या पातळ थराखाली नुसता गुलाबी गठ्ठा, रक्तवाहिन्या आवळून गेलेल्या. सबम्युकस फायब्रोसिस. तोंड उघडत नाही, गाल आतून पांढुरका आणि ताठ, जरा तिखट लागलं की आग.

रोठा
आलात का शेवटी सुपारीवर! श्रीवर्धनला पोफळीची बाग आहे आमची, पणजोबांपासून. श्रीवर्धनची रोठा सुपारी नाव काढून आहे, त्यासाठी सरकारने संशोधन केंद्र काढलंय. पेशव्यांच्या गावात पान-सुपारीने कुणी मेल्याचं ऐकलं नाही. माझी आजी शेवटपर्यंत अडकित्ता कमरेला लावून होती. दोष तंबाखूचा आणि गुटख्याचा आहे, आमच्या झाडाला बदनाम करू नका.

गजालवाला
म्हणजे सुपारीनच तोंडाची सुपारी घेतली म्हणा!

लटकलेला_पीएचडी
@रोठा, झाडाला कुणी काही म्हणत नाही. आमच्या गुहागरातल्या घरामागेही पोफळी आहेत. पण नुसती सुपारी, तंबाखूशिवाय, हीच कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलंय. सबम्युकस फायब्रोसिस तर सुपारीचाच आजार.

होतं असं: सुपारीतलं अरेकोलिन तोंडातल्या फायब्रोब्लास्टला जास्त कोलॅजन करायला लावतं. जुनं कोलॅजन मोडायची यंत्रणा त्याच वेळी मंदावते. शिवाय सुपारीत तांबं बरंच असतं, ते लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला जोर देतं. हे एन्झाइम कोलॅजनचे धागे एकमेकांना पक्के जोडतं, मग ते मोडता मोडत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी एर्नाकुलम जिल्ह्यातल्या अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला होता. १९८५ मध्ये तो छापून आला. ७.६ टक्के जणांना तोंडाचा कॅन्सर झाला.

रोठा
आणि बाकीच्या ९२ टक्क्यांना नाही झाला. तेही लिहा.

ओहोटी
लिहितो. बाकीच्यांना भाकरीचा घास घेता येत नाही. तोंड एवढंसंच उघडतं, दाढ काढायची तरी दंतवैद्याला हत्यार आत घालता येत नाही. ऑपरेशनला भूल देताना श्वासनळीत नळी घालायची तर भूलतज्ज्ञाच्या तोंडचं पाणी पळतं. कॅन्सर नाही झाला म्हणजे सुटला, असं नाही रोठाशेठ. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण सुटी सुपारी आणि ती सुगंधी पाकिटं टपरीवर लटकलेली असतात, शाळेच्या पोरांच्या हाताला येतील अशी. तुमच्या आजी दिवसातून किती खांड खायच्या आणि ही पोरं गालात तासन् तास काय धरून बसतात, यात फरक आहे.

रोठा
हा फरक मान्य. पाकिटातली मालमिसळ आमच्याकडची नसते हेही नोंदवून ठेवा. एक विचारतो, चुलत भावाच्या पोराचं तोंड पूर्वीसारखं उघडत नाही म्हणतात. सुपारी सोडली तर सुटेल का ते?

ओहोटी
त्याला स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगा. दोनच जात असतील तर या आठवड्यातच दंतवैद्याकडे न्या, शक्यतो तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे. सुपारी आजपासून बंद. झालेला पट्टा नुसत्या सोडण्याने विरघळत नाही, पण व्यायाम, इंजेक्शनं, गरज पडली तर शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. आणि दर काही महिन्यांनी तोंड तपासून घ्यायचं, ते कायमचं.

आडवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. या पेशी गाठीला मदत करतात हे इतकी वर्षं माहीत आहे, तर त्यांनाच मारणारं औषध का नाही?

लटकलेला_पीएचडी
वाटच बघत होतो याची, कारण इथेच गोष्ट फिरते.

स्वादुपिंडाच्या गाठीत हे जाळं रक्तवाहिन्या दाबून टाकतं, आतला दाब वाढतो, किमोचं औषध आत नीट पोचत नाही. म्हणून २००९ मध्ये एका गटाने उंदरांत स्ट्रोमा कमी करणारं औषध किमोसोबत दिलं. ते हेजहॉग नावाचा पेशींमधला संदेशमार्ग बंद करायचं. गाठीत रक्तपुरवठा सुधारला, किमो आत पोचली, उंदीर जास्त जगले. सगळीकडे आनंदीआनंद. मग माणसांवर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये ती थांबवावी लागली. नवं औषध घेणाऱ्यांची प्रकृती नुसती किमो घेणाऱ्यांपेक्षा वाईट होत होती.

का, ते २०१४ मध्ये उंदरांतच कळलं. दोन वेगळ्या गटांनी दोन वेगळ्या रीतींनी हे फायब्रोब्लास्ट किंवा त्यांना कामाला लावणारा संदेश काढून टाकला. गाठी जास्त आक्रमक झाल्या, उंदीर लवकर मेले. म्हणजे ते जाळं कॅन्सरला पोसतही होतं आणि आवळून धरतही होतं. पुढे २०१७ मध्ये दिसलं की या पेशी सगळ्या एका जातीच्या नाहीत. कॅन्सरच्या पेशींना चिकटून असतात त्या आकसणाऱ्या, मायोफायब्रोब्लास्टसारख्या. जरा लांबच्या इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. त्यातही एक प्रकारची पेशी परिस्थिती बदलली की दुसऱ्या प्रकारची होऊ शकते. सरसकट मारायचं तर नेमकं कुणाला?

नुसतं जाळं विरघळवूनही पाहिलं. त्यातलं हायल्युरोनिक आम्ल मोडणारं औषध मोठ्या चाचणीपर्यंत गेलं, २०१९ मध्ये तिथे अपयशी ठरलं. माझं मत विचाराल तर या क्षेत्राने "शत्रू सापडला" म्हणून फार लवकर ढोल वाजवले.

गजालवाला
म्हणजे माझो घरभेदी अर्धो राखणदार पण असा. मागे घेतंय शब्द. अर्धो.

निसर्गवेडी
मी वाचलंय की ड जीवनसत्त्वाने या पेशी शांत होतात. आपल्याकडे ऊन फुकट आहे! काकूंना सकाळचं कोवळं ऊन आणि दर आठवड्याला एक पुडी द्या, काय बिघडतं?

ओहोटी
बिघडतं. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं, मूत्रपिंडावर ताण. किमो चालू असताना हे नवं दुखणं कशाला? ऊन खुशाल घ्या, पुडी त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लटकलेला_पीएचडी
निसर्गवेडीताईंनी वाचलंय ते हवेतलं नाही. २०१४ मध्ये उंदरांत कॅल्सिपोट्रिओल वापरून स्टेलेट पेशी पुन्हा शांत अवस्थेत नेता आल्या होत्या, आणि किमोचा परिणाम वाढला. ते ड जीवनसत्त्वाचं एक कृत्रिम रूप, सोरायसिसच्या मलमात असतं. पेशी मारण्याऐवजी तिला झोपवायची ही कल्पना मला स्वतःला जास्त पटते. पण उंदीर ते माणूस हा रस्ता लांबचा आहे.

या पेशींचा आज प्रत्यक्ष उपयोग होतोय तो तपासणीत. त्यांच्या अंगावर एफएपी नावाचं प्रथिन असतं. त्याला चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ टोचून पेट स्कॅन करतात, जर्मनीत हायडेलबर्गला २०१८ च्या सुमारास सुरू झालं. गंमत म्हणजे यात दिसतात फायब्रोब्लास्ट, कॅन्सर त्यांच्या आडून ओळखायचा. त्यामुळे ताजी जखम किंवा सुजलेला सांधाही चमकू शकतो.

कोयतावीर
माझी करंगळी चमकेल का?

लटकलेला_पीएचडी
जुना वण आहे, पेशी केव्हाच गेल्या. सूप पाखडा निवांत.

आडवाट
एक शेवटचं. काकूच्या गाठीत त्या दोनपैकी कुठल्या प्रकारचे फायब्रोब्लास्ट जास्त आहेत, हे रिपोर्टवरून कळेल? एका ठिकाणी "स्पेशल टेस्ट करून घ्या" म्हणून बराच मोठा आकडा सांगितलाय.

स्लाइडवाली
नेहमीच्या रंगात ते कळत नाही. वेगळ्या अँटिबॉडी लावाव्या लागतात, आणि त्याचं उत्तर काहीही आलं तरी आज काकूंची किमो बदलणार नाही. म्हणून कुणी नेमाने लावत नाही. टेस्टचं नाव लिहून घ्या आणि किमो देणाऱ्या डॉक्टरांना एकच विचारा: याने उपचारात काय बदलेल? जनुकांच्या काही तपासण्या खरोखर उपयोगाच्या असतात, ही तशी असेल तर ते सांगतील. नुसती फायब्रोब्लास्टसाठी असेल तर पैसे ठेवा, गाडीभाड्याला लागतील.

आणि मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवायला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तिथे ते पुन्हा तपासतात. ब्लॉक कापसात गुंडाळून डबीत ठेवा, मेण आहे, उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवाल तर वितळेल.